उठल्याचा रकाना

नवा पेशंट आला की मामा त्याचं नाव विचारत नसत, आजारही विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. “घरात खुर्ची कोणती आहे?”

लोक बिचकायचे. साहजिकच आहे. माणसाची अर्धी बाजू लुळी पडलीय, तोंडातला घोट धड गिळता येत नाही, बायको डोळे पुसत शेजारी उभी आहे, आणि हा फिक्या निळ्या शर्टातला माणूस खुर्चीची चौकशी करतोय. पण मामा हटायचे नाहीत. लाकडी की प्लॅस्टिकची? पाय आहेत की चाकं? भिंतीला टेकून असते की खोलीच्या मधे? सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “गुरुवारी घेऊन या.”

त्यामुळे गुरुवारी सकाळी फाटकातून खुर्च्या आत यायच्या. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या स्कूटरवर आडव्या. एकाने तर घरचा पलंग कसा आणू म्हणून विचारलं होतं. वॉचमनला पहिली दोनतीन वर्षं वाटायचं की इथे खुर्च्या दुरुस्त करून मिळतात. त्यानं आपली शिवण उसवलेली खुर्ची एकदा आणूनही ठेवली होती.

हे रुग्णालय पुनर्वसनाचं. म्हणजे दुसरीकडे जीव वाचवून झाला की मग माणसाला इथे आणतात. इथे औषधं थोडी आणि कष्ट फार. बसायचं कसं, उभं राहायचं कसं, एका हातानं शर्टाची बटणं लावायची कशी, हे सगळं साठी-सत्तरीच्या माणसांना पहिलीतल्या पोरांसारखं शिकावं लागतं. मामा तिथे व्यायाम विभागात मदतनीस होते, सत्तावीस वर्षं. तसं रुग्णालयातल्या सगळ्याच मदतनीसांना मामा म्हणतात, तिथे असे पाच मामा होते. पण नुसतं “मामा कुठेत?” असं कुणी विचारलं तर बाकीचे चौघे मान वर करत नसत.

गुरुवारी दहा ते अकरा हा मामांचा तास. हॉलमध्ये निळ्या गाद्या अंथरायच्या, पेशंटना एकेक करून अलगद जमिनीवर न्यायचं आणि तिथून आपापल्या घरच्या खुर्चीला धरून उठायला शिकवायचं. एवढंच. मामांचं म्हणणं साधं होतं. घरी गेल्यावर माणूस कधी ना कधी पडणार. कितीही जपा, पडणार. मग उठायचं कसं हे कुणी सांगायचं? चालायला शिकवायला सगळे आहेत, फिजिओ आहेत, यंत्रं आहेत. जमिनीवरच्या माणसाचं काय?

त्यांची रीतही ठरलेली होती. “पहिली गोष्ट, काही करायचं नाही,” ते सांगायचे. “दहा श्वास घ्यायचे. जमीन कुठे पळून जात नाही. मग चांगल्या कुशीवर वळायचं. मग कोपर. मग गुडघे. खुर्ची गाठायची. हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे, आणि मग एकदाच, सगळा जीव लावून, वर.” शेवटच्या ‘वर’ला सगळा हॉल आपोआप हनुवटी उचलायचा.

हे सगळं त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलेलं नव्हतं. मामा तिशीत होते तेव्हाची गोष्ट. घरात ते आणि आई, दोघंच. ते ड्यूटीला निघाले आणि नऊच्या सुमाराला आई स्वयंपाकघरात पडली. मामा परतले संध्याकाळी साडेसहाला. आई तिथेच होती. हाड मोडलेलं नव्हतं, डोकं फुटलेलं नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. खुर्ची चार हातांवर होती आणि तिथवर जायचं कसं हेच तिला सुचलं नव्हतं. साडेनऊ तास गार फरशीवर. त्या दिवशी मामांनी रुग्णालयात मोजून अकरा परक्या माणसांना उचललं होतं. आई म्हणाली, “अरे, उठायचं कसं तेच कळेना रे मला.” त्यानंतर तिनं जे अंथरूण धरलं ते धरलंच. छातीत कफ झाला आणि विसाव्या दिवशी गेली. मामांनी ही गोष्ट आयुष्यात चार-पाच जणांनाच सांगितली असेल, आणि दर वेळी ती एकाच वाक्यावर संपायची, “मोडलं काहीच नव्हतं हो.”

आता रुग्णालयाबद्दलही थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. रुग्णालयाला प्रमाणपत्रांचा नाद होता. दर्शनी भिंत त्यांनी भरलेली. स्वच्छ हातांचं प्रमाणपत्र, हसतमुख सेवेचं प्रमाणपत्र, कागद वाचवल्याचं प्रमाणपत्र. हे शेवटचं मिळवायला एकशे चाळीस पानी अर्ज तीन प्रतींत करावा लागला होता. भिंत पुरेना तेव्हा काचेचं कपाट आणलं. कपाट ठेवायला जागा हवी, म्हणून भिंतीचा दांडा सहा फूट कापला. हा दांडा म्हणजे पेशंटनी धरून चालायला लावलेला लाकडी कठडा बरं का. तेव्हापासून त्या सहा फुटांत माणसं कपाटाची काच चाचपत पुढे सरकतात आणि काचेवर बोटांचे ठसे उमटतात, म्हणून ते पुसायला एक मावशी नेमल्या आहेत. कपाटात मधोमध मानाच्या जागी ठेवलेला पुरस्कार कशाचा आहे म्हणाल, तर ‘अडथळामुक्त रुग्णालय’.

त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या मनानं आणखी वरची उडी घेतली. पक्षाघात पुनर्वसनाचं विशेष प्रमाणपत्र, सुवर्ण श्रेणी. आसपासच्या कुणाकडे रौप्यच्या वर काही नव्हतं, त्यामुळे साहेबांना झोप लागेना. सुवर्णसाठी अटी पुष्कळ, पण खरी मेख एका अटीत होती. पेशंट पडता कामा नयेत. दर महिन्याच्या पडण्याच्या नोंदी शून्याला टेकलेल्या हव्यात.

कामाला लागल्या क्वालिटी मॅडम, म्हणजे रुग्णालयाचा दर्जा आणि प्रमाणपत्रं सांभाळणाऱ्या बाई. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. तिशी-बत्तिशीची, कष्टाळू, कुणाला तोडून न बोलणारी. फक्त जे कागदावर आहे ते आहे आणि जे कागदावर नाही ते नाही, अशी तिची पक्की श्रद्धा होती. तिनं लाल पुठ्ठ्याची एक वही केली, पतन नोंदवही. त्यात रकाने आखले. कोण पडलं, कधी, कुठे, कशामुळे, कुणाच्या चुकीमुळे, कुणाला कळवलं, किती मिनिटांत कळवलं. आणि पहिल्या पानावर व्याख्या लिहिली, ‘रुग्ण कोणत्याही कारणाने जमिनीवर आढळल्यास ते पतन समजावे.’

वही सोमवारी सुरू झाली. गुरुवारी सकाळी एक नवी सिस्टर वही घेऊन हॉलच्या दारातून गेली. आत बघते तर अकरा पेशंट जमिनीवर. पोरगी इमानदार होती. तिनं तिथेच उभं राहून अकराच्या अकरा नोंदी सुवाच्य अक्षरात केल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा अकरा, मग दहा, मग बारा.

महिनाअखेर मॅडमनी आलेख काढला आणि मोठ्या साहेबांचे डोळे पांढरे झाले. महिनाभर रेघ जमिनीलगत सरळ, आणि दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला उभा सुळका. लगेच सात जणांची समिती बसली, मूळ कारणाच्या शोधासाठी. समितीच्या तीन बैठका झाल्या. एकाला संशय होता की बुधवारी फरशी जास्त घासली जाते. दुसऱ्याला वाटलं, दहा वाजता हॉलमध्ये ऊन तिरपं येतं. फरशी घासण्याचा वार बदलून झाला, पडदे लावून झाले, तरी गुरुवारी माणसं पडायची थांबेनात. शेवटी तिसऱ्या बैठकीत मूळ कारण हाती लागलं. अहवालात तसं लिहिलंच आहे, ‘सदर महिन्यातील चव्वेचाळीसही पतनांच्या वेळी घटनास्थळी एकच कर्मचारी उपस्थित होता व त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता.’

मामांबरोबर काम करणारी फिजिओ ताई त्या बैठकीत होती. ती धीर करून म्हणाली, “सर, तो वर्ग आहे मामांचा. ते पेशंटना मुद्दाम खाली नेतात.”

“मुद्दाम?” साहेब म्हणाले. “म्हणजे हेतुपुरस्सर?”

ताईला कळलं की आपण मदत करायला गेलो आणि खड्डा आणखी खोल केला.

मामांना बोलावणं आलं. ते टोपी काढून उभे राहिले.

“तुम्ही पेशंटना जमिनीवर नेता?” साहेबांनी विचारलं.

“हो साहेब.”

“कशासाठी?”

“उठवायला.”

“मग न्यायचंच नाही. नेलं नाही तर उठवावंही लागणार नाही.” साहेब खुर्चीत मागे टेकले. मामा मॅडमकडे बघत राहिले आणि मॅडम वहीकडे.

निळ्या गाद्या गोदामात गेल्या, कुलूप लागलं. मग सुवर्ण श्रेणीची खरी तयारी सुरू झाली. प्रत्येक खुर्चीवर एक चपटी उशी आली. बसलेला माणूस जरा उठला की उशी केकाटायची आणि दोन सिस्टर धावत येऊन त्याला पुन्हा बसवायच्या. चालायचं असेल तर अर्ज, दोन माणसं सोबत आणि एक सही. सही करणारे साहेब दुपारी असायचे आणि सोबतीची माणसं सकाळी असायची, त्यामुळे कुणी चालेना. माणसांना पायावर उभं करायला बांधलेल्या त्या तीन मजली इमारतीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे बसलेले असत. महिन्याचा आकडा शून्य आला. बैठकीत टाळ्या पडल्या. मामांना नवीन काम मिळालं. व्हरांड्यात स्टूल टाकून बसायचं आणि कुणी उठताना दिसलं की म्हणायचं, “बसा.”

सत्तावीस वर्षं ज्या माणसानं ‘उठा’ म्हटलं, त्याच्या तोंडी ‘बसा’. मामा घरी गेले की लगेच अंथरुणावर पडायचे. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आता पोस्टातल्या बाई. वय एकाहत्तर, चौतीस वर्षं पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर काढलेली. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही, दूरच्या गावी एक भाचा, तो रविवारी फोन करायचा. दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी बाई. झटका आला तेव्हा न्हाणीघरात पडल्या आणि चार तास तिथेच होत्या. दूधवाल्यानं दार वाजवलं म्हणून निभावलं. डावी बाजू गेली होती, ती हळूहळू येत होती. काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. पण पहिल्याच भेटीत त्यांनी मामांना सांगितलं होतं, “मामा, मला पडायची भीती नाही. पडून राहायची आहे.”

मामा म्हणाले, “बाई, तुम्ही उठायला शिकल्याशिवाय मी तुम्हाला घरी जाऊ देणार नाही.” असं वचन त्यांनी याआधी कुणाला दिलं नव्हतं.

भाच्यानं घरची खुर्ची आणून दिली. जुनी, लाकडी, हातांची, दोन माणसांनी उचलावी अशी जड. दोन गुरुवार झाले. बाई गुडघ्यांपर्यंत आल्या, खुर्चीवर हात टेकला, पण शेवटचं ‘वर’ काही जमलं नाही. आणि तिसऱ्या गुरुवारी गाद्यांना कुलूप.

खुर्ची मात्र राहिली. बाहेरचं फर्निचर आत आणायला बंदी करणारा नियम निघाला होता, पण आत असलेलं बाहेर काढायचा फॉर्म अजून छापून यायचा होता. तेव्हा तिला ‘रुग्णाची मालमत्ता’ अशी चिठ्ठी डकवून बाईंच्या खाटेजवळ ठेवली. मालमत्तेवर केकाटणारी उशी बसवायची की नाही, यावर वरून उत्तर आलेलं नव्हतं.

जायची तारीख ठरली, शनिवार. बाईंना एक पुस्तिका मिळाली, ‘पडू नका’, सोळा पानी, रंगीत. बाईंनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मॅडम राउंडला आल्यावर विचारलं, “छान लिहिलंय. कुणी लिहिलं?”

“मीच,” मॅडम जरा लाजून म्हणाल्या.

“सोळा पानांत उठण्याबद्दल एक ओळ नाही.”

मॅडमनी पुस्तिका चाळली. “ती... ती आपल्या व्याप्तीत येत नाही, आजी.”

मामांनी मग एक मार्ग काढला. व्हरांड्यात त्यांचं स्टूल होतं, बाईंची खोली त्याच्या समोरच. दार उघडं ठेवून बाई आपल्या खुर्चीत बसायच्या आणि मामा स्टुलावरून पाढे म्हणवून घ्यायचे.

“पडलात. आता?”

“दहा श्वास.”

“मग?”

“उजवी कूस. कोपर. गुडघे. खुर्ची. हात वर. उजवा पाय पुढे.”

“आणि?”

“आणि वर.”

कुणी येताना दिसलं की मामा मोठ्यांदा म्हणायचे, “बसा, बसा.” बाई बसलेल्याच असायच्या. पण तोंडी पाठ झालं म्हणजे अंगाला कळलं असं थोडंच होतं? मामांना ते माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. शुक्रवार उजाडला तरी शेवटचं ‘वर’ एकदाही झालेलं नव्हतं. मामांनी वचन दिलं होतं आणि ते मोडणार हे दोघांनाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी या बाई दोन जिने चढून त्या रिकाम्या घरात जाणार होत्या.

आणि शुक्रवारीच तपासणी आली. तपासनीस साठीचे, बारीक अंगाचे गृहस्थ, खिशात दोन पेनं. मागे मोठे साहेब, क्वालिटी मॅडम, फिजिओ ताई आणि फायली धरलेली चार माणसं. पेशंटकडून उत्तरं आठवडाभर पाठ करून घेतली होती. तपासनीसांनी काहीही विचारलं तरी सगळे एकसुरात सांगत होते, “मला इथे सुरक्षित वाटतं.” एकाला त्यांनी किती वाजले विचारलं, त्यालाही इथे सुरक्षित वाटत होतं.

फिरत फिरत ते बाईंच्या खोलीत आले. “उद्या घरी जाताय म्हणे. तयारी झाली?”

साहेब हसऱ्या चेहऱ्यानं उत्तराची वाट बघत होते.

“तोंडी झाली,” बाई म्हणाल्या. “प्रात्यक्षिक राहिलंय. मी एकटी राहते. तुम्ही तपासायलाच आला आहात, तर एवढं तपासून जा.” असं म्हणून त्यांनी खुर्चीचा हात उजव्या हातानं घट्ट धरला, पुढे सरकल्या आणि सावकाश, अगदी शिकवल्यासारख्या, जमिनीवर गेल्या.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टर झेपावली, पण मॅडमनी तिचा हात धरला. नियम मॅडमचाच होता, पडलेल्या रुग्णाला नोंद होईपर्यंत कुणी हलवायचं नाही. तपासनीसांच्या डोळ्यांदेखत नियम मोडणार कसा? वही आली. मॅडम पेन उघडून उभ्या राहिल्या. “वेळ, अकरा सात,” त्या म्हणाल्या. “कारण... ओली फरशी, अपुरा उजेड, अयोग्य पादत्राणं, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, इतर...”

“इतर लिहा,” बाई जमिनीवरून म्हणाल्या. “कंसात स्वखुशी.”

मामा दारात येऊन उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. चार पावलं टाकून त्यांनी बाईंना डोळे मिटून उचललं असतं, तेवढी ताकद अजून होती. पण उचललं की संपलं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

बाई उजव्या कुशीवर वळल्या. कोपर टेकलं. गुडघ्यांवर आल्या. हात खुर्चीवर गेला, पाय पुढे आला. त्यांनी जोर लावला, अर्ध्यावर उठल्या, आणि डावा गुडघा सटकला. बाई कुशीवर कोसळल्या. फिजिओ ताईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मॅडमचं पेन थांबलं. ही दुसरी नोंद धरायची की पहिलीचाच भाग, हे व्याख्येत नव्हतं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या खुर्चीकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत जे होतं ते मामांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं, आपल्या स्वयंपाकघरात. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मामांच्या मनात स्वच्छ आलं. ते मोठ्यानं म्हणाले, “बाई, दहा श्वास. जमीन कुठे पळून जात नाही.”

बाई श्वास घेऊ लागल्या. का कोण जाणे, सगळेच मोजत होते. तपासनीसांचे ओठ हलताना दिसत होते. दहा झाले. कूस, कोपर, गुडघे, हात, पाय.

“वर,” मामा म्हणाले.

बाई थरथरत उठल्या, वळल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. पदर नीट केला. मग मॅडमना म्हणाल्या, “वेळ लिहा. अकरा एकोणीस.”

“कशाची?”

“उठल्याची.”

मॅडमनी रकाने वरपासून खालपर्यंत बघितले. मग तपासनीसांनी आपल्या फॉर्ममध्ये शोधलं, पानं उलटून उलटून शोधलं. त्यांच्याकडेही तसा रकाना नव्हता. त्यांनी दोन्ही पेनं खिशात ठेवली आणि पुढच्या खोलीत गेले.

सुवर्ण मिळालं. कसं, तर रुग्णानं स्वखुशीनं घेतलेली जमीन हे पतन नसून ‘भूमी ते आसन स्थित्यंतर’ आहे, असं पत्र साहेबांनी रातोरात नव्हे, भर दुपारी, तपासनीस जेवत असताना तयार केलं. चव्वेचाळीस नोंदीही मागे जाऊन स्थित्यंतरं झाल्या. अहवालात हा उपक्रम ‘अनुकरणीय’ ठरला. अहवालाच्या मुखपृष्ठावर निळी गादी, रिकामी खुर्ची आणि तिच्यामागे हात बांधून उभे असलेले साहेब.

गुरुवार परत आला. तीन फॉर्म आणि दोन सह्यांनिशी आला, पण आला. मात्र आता तो अधिकृत कार्यक्रम झाल्यामुळे तो घेणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं होतं. मामांनी सहा तासांचं प्रशिक्षण घेतलं, बाहेरून आलेल्या एका तरुण तज्ज्ञाकडून, स्थित्यंतर कसं शिकवावं याचं. शेवटी परीक्षा होती. ‘जमिनीवर गेल्यानंतरची पहिली कृती कोणती?’ या प्रश्नाला मामांनी लिहिलं, ‘दहा श्वास.’ बरोबर उत्तर ‘नोंदवही आणणे’ हे होतं. मामा तीन गुणांनी नापास झाले. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोवर आपला वर्ग त्यांनी देखरेखीखाली घ्यायचा असं ठरलं, आणि देखरेखीला ती इमानदार सिस्टर नेमली. एव्हाना तीसुद्धा ‘वर’ला हनुवटी उचलायला लागली होती.

अडीच महिने गेले. एके दिवशी दुपारी मामा गाद्या पुसत होते तेव्हा क्वालिटी मॅडम स्वतः हॉलमध्ये आल्या. हातात एक उघडलेलं पाकीट. रुग्णालयात येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे जायचं आणि कौतुक किंवा तक्रार यांपैकी एका फायलीत पडायचं.

“तुमच्या नावाचं आहे. हे कशात टाकू कळत नाही,” त्या म्हणाल्या.

मामांनी चष्मा शोधला. पोस्टातल्या बाईंचं वळणदार, ठाशीव अक्षर. कागदावर पट्टीनं रकाने आखलेले होते. पडल्याची वेळ, सकाळी नऊ पाच. ठिकाण, स्वयंपाकघर. कारण, इतर (पातेलं). उठल्याची वेळ, सकाळी नऊ चौदा. शेरा, ‘पहिल्या खेपेला नाही जमलं. थोडी रडले. मग श्वास घेतले. दूध उतू गेलं, बाकी सगळं ठीक.’

मामांनी ते पुन्हा वाचलं. नऊ पाच ते नऊ चौदा. नऊ मिनिटं. त्यांना आईचे साडेनऊ तास आठवले आणि डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. गादीवर तसेच बसून राहिले.

मॅडम जायला निघाल्या नाहीत. “तसं हे घरी सोडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत आहे,” त्या सवयीनं म्हणाल्या. “घरी पडल्याची नोंद करावी लागेल. आपला आकडा बिघडेल.” पण त्यांचं लक्ष आकड्यात नव्हतं. त्या गाद्यांकडे बघत होत्या.

“मामा, माझी आई एकटी असते,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या मजल्यावर. सकाळी मी निघते ते संध्याकाळी सातला पोचते. तिला मी ती पुस्तिका दिलीय. सोळा पानी.”

मामांनी पत्राची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि गुडघ्यावर हात रोवून उठले.

“घरात खुर्ची कोणती आहे?” त्यांनी विचारलं.